उसाची कुंडली मांडणाऱ्या डॉ. जानकी अम्मल

आपल्याकडं उसाच्या बेण्याचा विषय निघाला की ८६०३२ हा आकडा हमखास येतो. या आकड्याच्या आधी 'को' हे अक्षर असतं. 'को' म्हणजे कोइमतूर. तमिळनाडूतल्या या शहरात १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं आणि 'को' नावाच्या जाती तिथून देशभर गेल्या. याच केंद्रात १९३४ ते १९३९ या काळात एक बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून उसाची गुणसूत्रं मोजत होत्या. त्यांचं नाव डॉ. जानकी अम्मल.

जानकींचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातल्या तेल्लिचेरीचा, म्हणजे आजच्या थलस्सेरीचा. घर म्हणजे मोठं खटलं. वडील न्यायाधीश, पण बागेचा आणि पुस्तकांचा भारी नाद. घर सुखवस्तू असलं तरी त्यांचा तिय्या समाज त्या काळी खालचा मानला जाई. बहिणींची लग्नं ठरवून होत गेली. जानकींनी मात्र शिकायचं ठरवलं आणि जन्मभर लग्न केलं नाही. मद्रासला वनस्पतीशास्त्र शिकून त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ साली डॉक्टरेट घेऊन आल्या. त्या काळी आपल्याकडं मुलींनी शाळेत जाणंही नवलाचं होतं.

उसाचं गणित

जाड, गोड, रसाळ ऊस मूळचा बाहेरच्या बेटांवरचा. उत्तर भारतातली थंडी आणि रोग त्याला सोसत नव्हते. तिथला देशी ऊस काटक, पण काडीसारखा बारीक. मग बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी कोइमतूरला गोड उसाचा संकर रानटी उसाशी केला. रानटी ऊस म्हणजे नदी-ओढ्याच्या काठी पांढरे तुरे येणारं गवत. त्यातून १९१८ साली 'को २०५' ही जात आली. म्हणजे जानकी तिथं पोचण्याआधीच पहिली लढाई जिंकली होती. भारताचा ऊस त्यांनी एकटीनं गोड केला असं कुठंकुठं लिहिलेलं दिसतं, ते बरोबर नाही.

त्यांचं काम वेगळं होतं. कुठला संकर का जमतो, का फसतो, हे त्या शोधत होत्या. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. रोपाचे गुण त्यांच्यावर ठरतात, जणू ती रोपाची कुंडलीच. साधारणपणे आई निम्मी देते, बाप निम्मी देतो. उसात मात्र हा हिशेब बिघडतो. गोड उसाची ८० गुणसूत्रं असतात आणि रानटी उसाशी संकर झाला की ही आई बहुतेक वेळा सगळीच्या सगळी ८० देते. रानटी बापाकडून निम्मीच येतात. त्यातही रानटी उसाची संख्या प्रांतागणिक बदलते, कुठं ४०, कुठं शंभरावर. ही मोजदाद झाल्याशिवाय संकर म्हणजे अंधारात दगड मारणं. जानकींनी उसाचा संकर मक्याशीही केला. त्यावरचा लेख १९३८ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला. शेतात लावायची जात त्यातून निघाली नाही, पण किती दूरची सोयरीक जुळू शकते ते कळलं.

कामाच्या ठिकाणी मात्र बाईपण आणि जात दोन्ही आडवी येत होती.

बॉम्बच्या सावलीत

१९३९ साली त्या एका परिषदेसाठी स्कॉटलंडला गेल्या आणि महायुद्ध पेटलं. त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. लंडनवर बॉम्ब पडत असताना त्यांचं काम चालूच होतं. १९४५ साली डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ काढला.

पुढं विस्ली इथल्या बागेत त्यांनी कोल्चिसीन वापरून गुणसूत्रं दुप्पट करण्याचं काम केलं. हे कोल्चिसीन जहाल विष आहे. आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदातही ते असतं. पेशी दुभागताना आधी गुणसूत्रांची दुसरी प्रत तयार होते, मग दोन वाटण्या होतात. कोल्चिसीन ही वाटणीच थांबवतं. सगळा माल एकाच पेशीत राहतो आणि गुणसूत्रं दुप्पट होतात. त्यामुळं पानं-फुलं बहुधा जाड, मोठी होतात. काही वेळा वांझ संकराला बी धरू लागतं. बिनबियांच्या कलिंगडाची सुरुवातही अशाच दुप्पट केलेल्या रोपापासून होते. जानकींनी हा प्रयोग मॅग्नोलियावर केला. आपला सोनचाफा याच कुळातला. तिथल्या एका मॅग्नोलियाला त्यांचंच नाव आहे.

परत मायदेशी

पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून १९५१ साली त्या भारतात परतल्या. देशातल्या वनस्पतींची नोंद ठेवणाऱ्या 'बोटॅनिकल सर्व्हे'ची घडी नव्यानं बसवायचं काम त्यांच्याकडं आलं. नंतर अलाहाबाद, जम्मू आणि काही काळ मुंबईजवळ तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र इथं काम करून १९७० मध्ये त्या मद्रासला स्थिरावल्या. १९७७ साली पद्मश्री मिळाली.

पिकांच्या संकरात आयुष्य गेलेली ही बाई शेवटी जंगलासाठी उभी राहिली. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत धरण होणार होतं. ऐंशीच्या घरात असताना त्यांनी विरोध केला आणि तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची मोजणी व्हावी म्हणून धडपड केली. नदीकाठच्या गवतानं देशाचा ऊस सावरला हे त्यांनी कोइमतूरला पाहिलं होतं. असं बियाणं रानातच असतं, रान बुडालं की तेही गेलं.

फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं. धरण रद्द झालंच होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली.