भाराक्रांतांची माय : पंडिता रमाबाई

पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे. तेथील ‘मुक्ती’ ही संस्था पंडिता रमाबाईंनी उभारली, हे आपण जाणतो. पण संस्थेला हेच नाव का? त्याचे उत्तर बाईंच्या आयुष्यातच सापडते.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल शास्त्रीबुवांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले. पुढे दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण डोळ्यांदेखत गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास अनवाणी देशभर फिरले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली. व्रते झाली, उपवास झाले. मनावरचे ओझे मात्र वाढतच गेले.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, आणि कडेवर तान्ही मनोरमा!

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथील धर्मभगिनी मायेने सेवा करताना त्यांनी पाहिले. या मायेचा उगम शोधताना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना कळली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही बुद्धी गहाण टाकली नाही. धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी त्या निर्भयपणे वाद घालत राहिल्या.

परंतु खरी शांती अजून दूरच होती. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक होऊनही त्याला ख्रिस्त उशिरा गवसला होता. बाईंना त्यात आपलीच स्थिती दिसली. आपण धर्म स्वीकारला, पण पुण्याचा जुना हिशेब सोडला नाही, हे त्यांना उमगले. क्षमा मिळवायची नसते, ती केवळ घ्यायची असते, या जाणिवेने त्यांचे मन हलके झाले.

संकटे मात्र टळली नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन केलेले शारदासदन पुढे पुण्यास आले होते. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. पण बाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकरांनी सल्लागारपद सोडले. पालकांनी मुली नेल्या. या प्रकरणी मतभेद आजही संभवतो. बाईंनी स्वतःच्या प्रार्थनेचे दार मात्र बंद केले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना आणले. भूक त्यांना परकी नव्हती. केडगावी शेती, विणकाम, छापखाना अशी कामे या स्त्रियाच करू लागल्या. हिब्रू व ग्रीक शिकून बाईंनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२१ मध्ये एकुलती मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघाले.

श्रद्धेने बाईंचे दुःख नाहीसे केले नाही. स्वतःचे ओझे उतरल्यावर मोकळे झालेले खांदे त्यांनी इतरांच्या ओझ्यापुढे केले. ‘मुक्ती’ या नावाचा अर्थ बहुधा हाच असावा.