गव्हाचा डॉक्टर, गुलाबाचा वेडा

व्हॅलेंटाइन्स डेला मिळालेलं गुलाबाचं फूल कधी नाकाशी धरून पाहिलंय? लांबसडक देठ, मखमली लाल पाकळ्या, आणि वास? जवळजवळ नाहीच. तळेगाव-मावळातल्या पॉलीहाउसमधून फेब्रुवारीत जे गुलाब बाहेर पडतात, त्यांच्या जाती निवडल्या जातात त्या प्रवासात चुरगळू नयेत, फुलदाणीत जास्त दिवस टिकाव्यात म्हणून. या परीक्षेत वासाला फारसे मार्क नसतात. उलट आजीच्या परसातला गावठी गुलाब! दिसायला साधा, उद्या-परवा झडूनही जाईल, पण दारातून आत येण्याआधीच त्याचा वास येतो.

गुलाबाला मार्क कशाचे द्यायचे, या प्रश्नात आयुष्यभर रमलेला एक शास्त्रज्ञ आपल्याकडे होऊन गेला. गंमत म्हणजे त्यांची नोकरी गुलाबाची नव्हतीच. ती होती गव्हाची. नाव डॉ. बेंजामिन पिअरी पाल, अर्थात बी. पी. पाल.

पाल यांचा जन्म 26 मे 1906 चा, पंजाबातल्या मुकंदपूरचा. वडील डॉक्टर. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये गेलं. मेम्यो या थंड हवेच्या गावी शाळा झाली. बागकाम आणि चित्रकला हे दोन नाद तिथेच लागले आणि ते शेवटपर्यंत सुटले नाहीत. रंगून विद्यापीठात वनस्पतिशास्त्र घेऊन त्यांनी अव्वल नंबर काढला, शिष्यवृत्ती मिळवली आणि 1929 मध्ये थेट केंब्रिज गाठलं. पीएच.डी.चा विषय होता गव्हाचा संकर.

1933 मध्ये ते बिहारमधल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1934 मध्ये, बिहारला भयंकर भूकंप झाला. संस्थेच्या इमारतीची वाताहत झाली आणि 1936 मध्ये अख्खी संस्था दिल्लीला हलली. आज दिल्लीत ज्या भागाला सगळे ‘पुसा’ म्हणतात, ते नाव असं बिहारमधून आलंय.

तेव्हा गव्हाचा मोठा शत्रू होता तांबेरा. ही बुरशी पानांवर, खोडावर गंजासारखी पसरते. दाणा भरतच नाही, सुरकुतून जातो. त्यातही तांबेरा तीन प्रकारचा: काळा, तपकिरी आणि पिवळा. एकाला दाद न देणारा गहू दुसऱ्याला बळी पडायचा. पाल यांनी ठरवलं, तिघांनाही पुरून उरेल असा गहू तयार करायचा. म्हणजे काय, तर इवल्याशा गव्हाच्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग त्यावर टाकायचे, वर पिशवी बांधायची, बी धरायचं, पेरायचं, रोगट झाडं फेकून द्यायची. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. हे काम चाललं वर्षानुवर्षं. 1954 मध्ये ‘एन. पी. 809’ हा तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा गहू आला. तोवर पाल त्या संस्थेचे संचालक झाले होते.

एवढा व्याप असलेल्या माणसाला छंदासाठी वेळ कुठून मिळणार, असं आपल्याला वाटतं. आपण तर सेमिस्टर सुरू झालं की आधी गिटार माळ्यावर टाकतो! पाल यांनी मात्र गुलाब सोडले नाहीत. उलट तोच चिमटा, त्याच परागांच्या पुड्या आणि त्याच कागदी पिशव्या त्यांनी गुलाबाकडे वळवल्या.

ते ज्या गुलाबांत रमले, त्यातला मोठा गट ‘हायब्रीड टी’चा. एका लांब दांड्यावर सहसा एकच डौलदार, टोकदार कळी येते, तो हा गुलाब. फ्रान्समधल्या ल्योंच्या गियो यांनी 1867 मध्ये आणलेला ‘ला फ्रान्स’ हा या कुळाचा पहिला मानकरी समजतात. चीनकडून आलेले नाजूक ‘टी’ गुलाब आणि युरोपातले काटक गुलाब यांच्या संकरातून हे घराणं निघालं. आपल्याकडे अडचण अशी, की या जाती वाढल्या युरोपच्या हवेत. इथल्या उन्हात कळी भराभर उमलते, रंग विटतो आणि पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडतात. म्हणून भारतातले गुलाब भारतातच जन्माला यायला हवेत, हा पाल यांचा आग्रह होता.

आणि वासाचं काय? इथे गहू आणि गुलाब वेगळे होतात. रोगाला तोंड देणारी झाडं रांगेत उभी करून निवडता येतात. वास मात्र हुलकावणी देतो. दोन्ही आईबाप घमघमणारे असले, तरी पोर बिनवासाचं निघू शकतं. त्याचं पहिलं फूल उमलेपर्यंत काही कळत नाही. उमललं की वाकून हुंगायचं. नापास झाडं खूप, पास एखादंच. म्हणून बाजाराला जेव्हा रंग, आकार आणि टिकाऊपणा हवा असतो, तेव्हा पहिला बळी वासाचा जातो. कुणीतरी हट्टानं वासालाही मार्क द्यावे लागतात.

1960 च्या दशकातला पाल यांचा ‘रोझ शरबत’ ही त्याच हट्टाची खूण. नावातच सगळं आलं. गडद गुलाबी, भरगच्च वासाचं हे फूल. गुलकंद-सरबत करणारे आजही त्याचं नाव काढतात. त्यांच्या बागेतल्या इतर गुलाबांची नावंही खास आपल्या मातीतली: ‘बंजारन’, ‘पूर्णिमा’, ‘सुरखाब’, ‘दिल्ली प्रिन्सेस’. 1966 मध्ये विमान अपघातात डॉ. होमी भाभा गेले. त्यानंतर पाल यांनी एका पांढऱ्या हायब्रीड टीला त्यांचं नाव दिलं. मुंबईच्या अणुशास्त्रज्ञाला दिल्लीच्या गहूतज्ज्ञानं वाहिलेलं हे फूल!

1965 मध्ये पाल भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. ते दिवस दुष्काळाचे, परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याचे. 1966 मध्ये मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बियाणं आलं आणि हरित क्रांतीला वेग मिळाला. देशाच्या कृषी संशोधनाची सूत्रं तेव्हा पाल यांच्या हाती होती. आणि त्याच 1966 मध्ये त्यांचं ‘द रोझ इन इंडिया’ हे पुस्तक आलं! रोझ सोसायटी ऑफ इंडियाचे ते संस्थापक अध्यक्ष. 1972 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो केलं, 1987 मध्ये पद्मविभूषण मिळालं. लग्न त्यांनी केलं नाही. 14 सप्टेंबर 1989 रोजी ते गेले, तेव्हा जे होतं ते आपल्या संस्थेच्या नावे ठेवून गेले.

भुकेल्या देशात गुलाब कशाला, असं त्या काळी कुणालाही वाटू शकलं असतं. पाल यांनी त्यावर वाद घालण्यात वेळ घालवला नाही. गहूही केला आणि गुलाबही. दोन्हीकडे शिस्त तीच, चिकाटी तीच.

तुम्हालाही करून बघायचंय? पाऊस सरला की ऑक्टोबरात नर्सरीत जा, तेही सकाळी. ऊन चढलं की वास उडतो. ‘क्रिमसन ग्लोरी’, ‘पापा मेयाँ’, ‘डबल डिलाइट’ ही वासाच्या हायब्रीड टींची नावं विचारा. लेबलवर विसंबू नका, फूल हुंगून रोप घ्या. निदान बारा इंची कुंडी, पाच-सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा हवा. ही रोपं जंगली खुंटावर डोळा भरून केलेली असतात. त्या सांध्याच्या खालून जोमदार फूट आली तर खूश होऊ नका, लगेच मुळापासून काढा. नाहीतर खुंट वाढतो आणि तुमचा गुलाब मरतो. गॅलरीतला गुलाब ‘जंगली झाला’ म्हणतात, तो बहुतेक वेळा असाच.

बाकी पहिलं फूल उमललं की काय करायचं, ते आता सांगायला नको. फोटो नंतर काढा.