दातावर अ‍ॅसिड लावणारे डॉ. ब्युओनोकोर

हिंगोली असो की वसमत, किडलेल्या दातात दाताच्याच रंगाचे कंपोझिट भरताना दंतवैद्य आधी दातावर जेल लावतात, काही सेकंदांनी ती धुतात आणि मग फिलिंग भरतात. ही जेल म्हणजे फॉस्फोरिक अ‍ॅसिड. दातावर अ‍ॅसिड लावण्याची ही पद्धत शोधली अमेरिकेतील डॉ. मायकेल ब्युओनोकोर यांनी.

त्यांचा जन्म १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. रसायनशास्त्र शिकून ते दंतवैद्यकाकडे वळले. १९४५ मध्ये टफ्ट्समधून पदवी घेतली आणि पुढे रोचेस्टरच्या ईस्टमन संस्थेत संशोधन केले.

त्या काळी पुढच्या दातांत अ‍ॅक्रिलिक भरत. ते दिसायला चांगले, पण दाताला चिकटत नसे. घट्ट होताना आकसे. गरम चहाने फुगे, थंड पाण्याने पुन्हा आकसे, तेही दातापेक्षा कितीतरी जास्त. कडेला बारीक फट पडे, तिच्यातून लाळ आणि जंतू आत झिरपत आणि फिलिंगखाली पुन्हा कीड लागे.

रंग देण्याआधी धातूला फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावतात, हे ब्युओनोकोर यांना ठाऊक होते. तोच उपाय त्यांनी दातावर केला. दाताच्या वरच्या कठीण थरावर, म्हणजे इनॅमलवर, डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडली आणि अ‍ॅक्रिलिक त्यांत शिरून घट्ट बसले. नुसत्या दातावर लावलेले अ‍ॅक्रिलिकचे थेंब काही तासांत गळून पडत, अ‍ॅसिड लावलेल्या जागेवरचे कित्येक आठवडे टिकले. १९५५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

पण ज्या अ‍ॅसिडमुळे दात किडतो, तेच मुद्दाम लावायचे? अनेक वर्षे त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. ब्युओनोकोर यांनी काम सोडले नाही. १९६७ मध्ये दाढांच्या खाचा किडण्याआधीच बंद करणाऱ्या सीलंटची चाचणी त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. नवी रेझिन आली, तशी ही पद्धत जगभर रुजली. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

फट मात्र पूर्ण संपलेली नाही. कंपोझिटही घट्ट होताना थोडे आकसते. हिरडीजवळ इनॅमल पातळ असते किंवा नसतेच, तिथे गळती अधिक. ग्लास आयोनोमर दाताला स्वतःहून चिकटते, फ्लोराइडही सोडते, पण लवकर झिजते. कोणते फिलिंग किती गळते हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत भरलेला दात रंगाच्या द्रावात बुडवून उभा कापतात आणि रंग किती आत शिरला ते मोजतात.

तोंडातल्या दाताची अशी चाचणी होत नाही. म्हणून फिलिंगच्या कडेला काळी रेघ दिसली, अन्न अडकू लागले किंवा थंड पाण्याने कळ आली, तर दात दुखायची वाट न पाहता तो दाखवून घ्यावा.