दादासाहेब मावळंकर

दहा मुले खेळाचा बेत ठरविण्यासाठी एकत्र जमली आणि दहाही जणांनी एकाच वेळी बोलावयास प्रारंभ केला, तर काय होईल? ज्याचा आवाज मोठा, त्याचा बेत पक्का होईल. जो हळू बोलतो, त्याच्या मनातील गोष्ट मनातच राहील. मग दहांऐवजी पाचशे माणसे असली, आणि ठरवावयाची गोष्ट खेळाची नसून कोट्यवधी लोकांच्या पोटापाण्याची असली, तर? तेथे बोलण्याला क्रम हवा, वेळेला मर्यादा हवी, आणि तो क्रम व ती मर्यादा सर्वांना सारखीच लागू करणारा कोणी तरी हवा. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत हे काम प्रथम ज्यांनी केले, ते गणेश वासुदेव मावळंकर होत. लोक त्यांना आदराने दादासाहेब म्हणत.

मावळंकरांचे घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वराजवळ असलेल्या मावळंगे गावचे. गणेशाचा जन्म मात्र 27 नोव्हेंबर 1888 रोजी बडोदे येथे झाला. राजापूर व इतर काही गावी आरंभीचे शिक्षण घेऊन 1902 साली तो अहमदाबादेस आला, आणि पुढे हे शहरच त्याची कर्मभूमी झाले. 1908 साली तो विज्ञान विषय घेऊन पदवीधर झाला. 1912 साली कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन त्याने पुढील वर्षी वकिली सुरू केली. घरी मराठी आणि बाहेर गुजराती, असे हे दुहेरी जीवन त्यांनी शेवटपर्यंत सहजतेने जगले.

वकिली चांगली चालत असतानाच सार्वजनिक कार्याने त्यांना ओढून घेतले. 1919 साली ते अहमदाबादच्या नगरपालिकेवर निवडून आले. तेथे वल्लभभाई पटेल यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. रस्ते, पाणी, गटारे, शाळा हे नगरपालिकेचे विषय. वरवर पाहता ते किरकोळ वाटतात. परंतु सभा कशी चालवावी, हे शिकण्यास याहून चांगली शाळा नाही. एका वस्तीला नळ मिळाला आणि दुसरीला मिळाला नाही, तर दुसरीच्या प्रतिनिधीचे म्हणणे कोणी तरी ऐकून घ्यावेच लागते. पुढे मावळंकर या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. सारा मिळून तो सहा वर्षांच्या जवळपास होतो. तुरुंगात चोर, दरोडेखोर, खुनी अशा कैद्यांशी त्यांचा परिचय झाला. त्या माणसांच्या अंतःकरणात आढळलेल्या चांगुलपणाच्या खऱ्या कथा त्यांनी नंतर गुजरातीत लिहून काढल्या. ज्याला जगाने एकदा दोषी ठरविले आहे, त्याचीही बाजू शांतपणे ऐकून घेण्याची ही सवय त्यांना पुढे उपयोगी पडली असली पाहिजे.

1937 साली मुंबई प्रांतात नवी विधानसभा अस्तित्वात आली आणि मावळंकर तिचे अध्यक्ष झाले. त्या सभेत मराठी, गुजराती व कानडी मुलखांतील सभासद एकत्र बसत. परंतु त्यांच्या कसोटीचा खरा प्रसंग 1946 च्या जानेवारीत दिल्ली येथे आला. तेथील मध्यवर्ती विधिमंडळात इंग्रज सरकारच्या बाजूला सरकारी अधिकारी व सरकारनियुक्त सभासद बसत असत. अध्यक्षपदासाठी मावळंकर उभे राहिले, आणि त्यांच्याविरुद्ध सरकारच्या पाठिंब्याने सर कावसजी जहांगीर उभे राहिले. मते मोजली, तेव्हा मावळंकरांना 66 व सर कावसजींना 63 मते पडली होती. केवळ तीन मतांचा हा विजय! एकवीस वर्षांपूर्वी, 1925 साली, विठ्ठलभाई पटेल याच सभागृहाचे अध्यक्ष झाले, ते तर दोनच मतांच्या आधिक्याने.

14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री ते जुने विधिमंडळ संपले. आता संविधान सभेपुढे दोन कामे होती: देशाची घटना तयार करणे आणि नित्याचे कायदे करणे. ही कामे एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून त्यांची विभागणी कशी करावी, याचा विचार करणाऱ्या समितीचे प्रमुखपद मावळंकरांकडे आले. घटनेचे काम चाले, तेव्हा राजेंद्रप्रसाद अध्यक्षस्थानी असत. कायद्यांचे काम चाले, तेव्हा 17 नोव्हेंबर 1947 पासून मावळंकर त्या स्थानी बसू लागले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, 15 मे 1952 रोजी, लोकसभेने त्यांना अध्यक्ष निवडले. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले शंकर शांताराम मोरे हेही महाराष्ट्राचेच. मते पडली 394 विरुद्ध 55.

या मोठ्या फरकातच एक धोका दडलेला होता. लोकसभेच्या 489 निवडून आलेल्या जागांपैकी 364 जागा एकट्या काँग्रेस पक्षाच्या होत्या. एवढे बळ असलेला पक्ष मनात आणील ते क्षणार्धात संमत करून घेऊ शकतो. मग उरलेल्या थोड्या सभासदांनी सभागृहात यावे तरी कशाला? यावर मावळंकरांनी जे उपाय योजिले, ते दिसावयास अगदी साधे आहेत. मतदानात अखेर बहुमतच जिंकावयाचे. परंतु मतदानापूर्वी प्रश्न विचारण्याचा, उत्तर मागण्याचा आणि विरोध बोलून दाखविण्याचा हक्क एकट्या सभासदालाही असला पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांनी मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. मंत्र्याने दिलेले उत्तर अपुरे वाटले, तर त्या विषयावर अर्धा तास चर्चा मागण्याची सोय झाली. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, हे सर्व पक्षांच्या सभासदांनी मिळून ठरवावे, यासाठी 1952 साली एक समिती नेमण्यात आली. 1953 साली दुसरी एक समिती आली, ती तर मोठी मजेची आहे. मंत्री सभागृहात उभे राहून विचार करू, चौकशी करू, असे सांगतात आणि पुढे विसरून जातात. अशी सर्व आश्वासने टिपून ठेवावयाची आणि ती पुरी झाली की नाही ते पाहावयाचे, एवढेच तिचे काम!

सभागृह भरलेले नसताना सरकारला तातडीने कायदा हवा असला, तर वटहुकूम काढता येतो. ही वाट सोयीची असल्यामुळे सरकारला तिचा मोह पडतो. मावळंकरांना ते रुचत नसे. प्रत्यक्ष पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्रे लिहून त्यांनी आपली नापसंती कळविली, एकदा 1950 साली आणि पुन्हा 1954 साली. नेहरू त्यांच्याच पक्षाचे नेते होते. मावळंकरांनी पक्ष सोडला नव्हता. मात्र अध्यक्ष झाल्यावर पक्षाच्या वादविवादांपासून ते अलिप्त राहत.

तरीही सर्व सभासद त्यांच्यावर संतुष्ट होते, असे समजू नये. एखादी गंभीर घटना घडली असता, हातचे काम बाजूला ठेवून आधी तिची चर्चा करा, असा तहकुबीचा ठराव सभासदाला मांडता येतो. परकी सरकारला जाब विचारण्यास त्या काळी हे एक मोठे शस्त्र होते. आता सरकार आपलेच आहे आणि जाब विचारण्याचे इतर मार्गही खुले आहेत, तेव्हा हे शस्त्र क्वचितच उपसावे, असे मावळंकरांचे मत होते. त्यामुळे असे ठराव ते बहुधा नाकारीत. विरोधकांना हा अन्याय वाटे. त्यांच्या बाजूने पाहिले, तर त्यांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही; कारण ज्याच्या हाती थोडी मते असतात, त्याला आपले प्रत्येक शस्त्र मोलाचे वाटते.

अखेर 1954 च्या डिसेंबरात, मावळंकरांना अध्यक्षपदावरून दूर करावे, असा ठराव विरोधकांनी मांडला. अशा प्रसंगासाठी आपल्या घटनेत नियम आहेत. चौदा दिवस आधी सूचना द्यावी लागते. ठराव विचारात असताना अध्यक्षाला आपल्या आसनावर बसता येत नाही. आपल्या बाजूने बोलता मात्र येते. एरवी अध्यक्ष प्रथम मत देत नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली, तरच आपले निर्णायक मत देतो. येथे मात्र त्याला इतर सभासदांप्रमाणे एक साधे मत असते, आणि निर्णायक मत नसते. त्यानुसार 18 डिसेंबर रोजी उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार अध्यक्षस्थानी बसले आणि चर्चा सुरू झाली. नेहरूंनी मावळंकरांची बाजू घेतली. परंतु आपल्या पक्षाच्या सभासदांना त्यांनी असेही सांगितले, की या मतदानात पक्षाचा आदेश कोणावर नाही. विरोधकांनी आपले आरोप मोकळेपणाने मांडले. ठराव फेटाळला गेला आणि मावळंकर पुन्हा आपल्या आसनावर परतले. ज्या नियमांनी ते इतरांना बांधीत, त्याच नियमांनी त्या दिवशी सभागृहाने त्यांचा न्याय केला होता.

निरनिराळ्या राज्यांतील विधिमंडळांच्या अध्यक्षांच्या परिषदाही त्यांच्या नेतृत्वाखाली भरत. एका सभागृहाला आलेली अडचण दुसऱ्याला कळावी आणि नियमांत शक्य तितकी एकवाक्यता यावी, अशी त्यांची खटपट असे. हे काम चालू असतानाच 27 फेब्रुवारी 1956 रोजी अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले. लोकसभेने मार्च महिन्यात नवा अध्यक्ष निवडला. सव्वा वर्षापूर्वी मावळंकरांविरुद्धच्या ठरावाची चर्चा ज्यांनी चालविली होती, तेच अनंतशयनम् अय्यंगार आता त्या आसनावर बसले.