जस्टिस बदरुद्दीन तय्यबजी आणि जामिनाचा हक्क

वाचकहो, आपल्या रेणापूर भागात बांधावरून भांडण होते, पोलीस एखाद्या पोराला उचलून नेतात आणि सारे घर हवालदिल होते. पोरगा गुन्हेगारच, असे गाव धरून चालते. जामीन मिळाला तर साहेबांची मेहेरबानी झाली, असे बापाला वाटते. ही समजूत किती चुकीची आहे, हे मुंबईच्या एका मुसलमान न्यायमूर्तींनी १८९७ साली दाखवून दिले. त्यांचे चरित्र आपण वाचावे.

बदरुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईतील सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यात झाला. मदरसा व एल्फिन्स्टन येथे शिकून ते १८६० साली विलायतेस गेले. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना मध्येच परतावे लागले. विद्यार्थी मित्रांनो, एवढ्या कारणावर कोणीही शिक्षण सोडले असते! ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. मुलींच्या शिक्षणाचे तर ते कट्टर पुरस्कर्ते. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले व १८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सरकार खवळलेले होते. जुलैअखेर लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लिखाणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात पार्सन्स व रानडे या न्यायमूर्तींनीही तूर्त नकार दिला. खटला सेशन्सकडे गेल्यावर वकील दावर यांनी बदरुद्दीन यांच्यापुढे नव्याने अर्ज केला. ४ ऑगस्ट रोजी त्यांनी जामीन मंजूर केला.

त्यांची विचारसरणी साधी होती. आरोपी खटल्याच्या दिवशी हजर राहावा, एवढ्यासाठीच जामीन घ्यावयाचा. तो हजर राहील अशी खात्री असेल, तर त्याला कोंडून बचावाच्या तयारीत अडथळा का आणावा? आणि शेवटी तो निर्दोष ठरला, तर भोगलेले दिवस कोण परत देणार? टिळकांची मते बदरुद्दीन यांना पटत होती की नाही, हा प्रश्नच या हुकुमात नव्हता. मला त्यातच त्यांचा मोठेपणा दिसतो.

पुढे सहा विरुद्ध तीन अशा ज्यूरीच्या मतांनी टिळक दोषी ठरले व अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बदरुद्दीन १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये मरहूम झाले. दोनच वर्षांनी टिळकांवर पुन्हा खटला झाला. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे होते आणि न्यायासनावर होते तेच दावर! त्यांनी जामीन नाकारला. एक चांगला निवाडा झाला म्हणजे पुढचे सारे आपोआप सुरळीत होते, असे नव्हे.

तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई हायकोर्टाखाली आला व १९८१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ सुरू झाले. त्यामुळे मॅजिस्ट्रेटने नकार दिला तर लातूरचे सेशन्स कोर्ट आणि त्यापुढे हे खंडपीठ, असे दरवाजे आज आपल्यालाही आहेत. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्कच आहे. नसेल तर कोर्ट विचार करून ठरविते. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तरी हे कायम आहे.

पण पालकहो, गरिबाचे घोडे बहुधा जामीनदारापाशी अडते. हुकूम होतो, परंतु सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन उभा राहणारा मिळत नाही. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की, आरोपीची मुळे गावात रुजलेली असतील व तो पळून जाण्याचा संभव नसेल, तर जातमुचलक्यावरही सोडता येते. तसा अर्ज वकिलाकडून अवश्य करवून घ्यावा. वकील देण्याची ऐपत नसेल, तर लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी करावी. कोठडीतील माणसाला तेथून वकील विनामूल्य मिळतो.