सागराचा एकांडा शिलेदार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांची सद्दी संपविली आणि असंख्य निष्णात नाविकांची विद्या निरुपयोगी ठरली. कॅप्टन जोशुआ स्लोकम हे त्यांपैकीच एक. मात्र, हीच कालबाह्य विद्या पणाला लावून त्यांनी शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हा पराक्रम करणारे ते पहिले नाविक होत.

स्लोकम यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथे झाला. वडील बूट शिवत. मुलाचा जीव मात्र समुद्रात गुंतलेला. कोवळ्या वयात घर सोडून ते जहाजावर गेले आणि जेमतेम शिक्षण असूनही कप्तानपदापर्यंत पोहोचले. पत्नी व्हर्जिनिया यांनी जहाजावरच संसार थाटला होता. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले. १८८७ मध्ये स्लोकम यांच्या मालकीचे 'ॲक्विडनेक' जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. घर आणि उपजीविका एकदमच गेली.

१८९२ मध्ये एका वृद्ध कप्तानाने त्यांना एक नौका देऊ केली. प्रत्यक्षात ती शेतात पडून कुजलेली 'स्प्रे' निघाली. जहाजबांधणीत आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत पिकणाऱ्या सागवानाला जो मान, तोच तिकडे ओकला. स्लोकम यांनी परिसरातील ओक तोडून, वाफेवर वाकवून नवा सांगाडा उभारला. सुमारे ३७ फुटी नौकेला १३ महिने आणि ५५३ डॉलर लागले.

२४ एप्रिल १८९५ रोजी त्यांनी बोस्टन सोडले. सुएझमार्गे जाण्याचा बेत होता. पण जिब्राल्टरला चाच्यांच्या धोक्याचा इशारा मिळाल्याने त्यांनी पश्चिमेची वाट धरली. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री हल्लेखोर चढू नयेत म्हणून त्यांनी डेकवर अणकुचीदार खिळे पसरले. वेळ पाहण्यासाठी जवळ होते एक स्वस्त पत्र्याचे घड्याळ. सुकाणू बांधून ठेवले तरी 'स्प्रे' आपली दिशा सोडत नसे. त्यामुळेच एकट्या माणसाला झोप घेता येई. हुआन फर्नांडिस बेटापासून सामोआपर्यंत ७२ दिवस ते एकटेच होते. ऑस्ट्रेलिया, मॉरिशस, केप टाऊन असा सुमारे ४६ हजार मैलांचा प्रवास करून २७ जून १८९८ रोजी ते अमेरिकेतील न्यूपोर्टला परतले. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे प्रवासवर्णन जगभर वाचले गेले.

आयुष्य पाण्यावर काढलेल्या या माणसाला पोहता येत नव्हते. १९०९ मध्ये 'स्प्रे' घेऊन ते पुन्हा एकटे निघाले, ते परतलेच नाहीत. त्यांनी दाखविलेल्या या वाटेने शतकानंतर एक मराठी नाविकही गेला. नौदलातील दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.