टाकळीची बारा वर्षे

आज चैत्र शुद्ध नवमी. मध्यान्ही घरोघरी व देवालयांतून रामजन्माचा पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. याच पुण्यतिथीस शके १५३० मध्ये, म्हणजे इ. स. १६०८ साली, जांब येथे सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मास आला. तेच आपले श्रीसमर्थ रामदासस्वामी. जांब पूर्वी मराठवाड्यातील अंबड तालुक्यात मोडत असे; आणि समर्थांची तपोभूमी टाकळी आपल्या नाशिकच्या अंबडपासून अवघ्या दोन-तीन कोसांवर! नामसाम्याचा हा योग आम्हां अंबडकरांस मोठा गोड वाटतो.

नारायण सात वर्षांचा असतानाच पित्याचे छत्र हरपले. बाराव्या वर्षी लग्नमंडपात 'सावधान' हा शब्द कानी पडताच तो बालक खरोखरच सावध झाला आणि पंचवटीस रामरायाच्या चरणी आला. जवळ द्रव्य नाही, ओळखीचे माणूस नाही. नंदिनी-गोदावरीच्या संगमावर टाकळीच्या गुंफेत त्याने वास्तव्य केले. प्रातःकाळी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जप करावा, दुपारी मधुकरी मागावी, नंतर ग्रंथाध्ययन व कथाश्रवण करावे, असा क्रम बारा वर्षे चालला. त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप येथेच पूर्ण झाला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. त्यांनी स्वहस्ते लिहिलेली वाल्मीकिरामायणाची प्रत धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे.

भाविकहो, या तपात अश्रूही होते. करुणाष्टके पाहावीत. त्यांत मनाच्या चंचलतेची कबुली आहे, एकाकीपणाची व्यथा आहे, आपल्याकडून काहीच घडले नाही ही खंत आहे. ज्यांना आपण वज्रनिश्चयी म्हणतो, तेही देवापुढे असे व्याकूळ झाले. मात्र त्यांनी ऐश्वर्य मागितले नाही, भक्ती मागितली. संकटातील प्रार्थनेचा खरा अर्थ हाच होय. आपले दुःख देवापासून लपवू नये, आणि केवळ दुःखनिवारणाचा सौदाही करू नये.

तप संपले तेव्हा, इ. स. १६३० ते १६३२ च्या घोर दुष्काळाने हा देश होरपळून निघाला होता. गावे ओस पडली होती. ते दृश्य पाहत समर्थ तीर्थाटनास निघाले. बारा वर्षांनी जांबेस परतले तेव्हा, पुत्रवियोगाने रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते. पुत्राच्या तपाचे मोल त्या माउलीनेही चोवीस वर्षे मोजले होते. मातेस हृदयाशी धरणारा तो विरक्त पुत्र आमच्या दृष्टीस आला की कीर्तनात आजही आमचा कंठ दाटतो.

पुढे कृष्णाकाठी त्यांनी गावोगावी मारुती स्थापिले, इ. स. १६४८ मध्ये चाफळास राममंदिर उभारून रामजन्मोत्सव सुरू केला आणि खचलेल्या समाजाला उपासना व प्रयत्न यांची जोड दिली. इ. स. १६८२ मध्ये सज्जनगडावर त्यांनी देह ठेविला.

आज कोणाच्या घरी आजार असेल, कोणाच्या चुलीला चिंता असेल. त्यांनी पाळण्याची दोरी ओढताना टाकळीच्या त्या पोरक्या मुलाला स्मरावे. प्रथम रामापुढे मन मोकळे करावे, मग उठून हातातील कर्तव्याला लागावे. उरलेला भार वाहण्यास रघुनाथ समर्थ आहे.